मदत हवी आहे: लेकीला बालवर्गासाठी कसं तयार करू?

मंडळी, लेक यंदा बालवर्गात जाईल. अक्षरं-आकडे येत नाहीत याची मला फिकीर नाही, ते शाळा शिकवेलच. बोटांत अजून पेन्सिलीपुरती ताकद नाही, म्हणून माती मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं एवढंच चालू आहे. डबा उघडता येतो, चपला घालता येतात. 'शू लागली' हे मात्र ती फक्त मलाच सांगते, तेही कानात. वर्गात बाईंना कशी सांगणार? घरी कुणी यासाठी शाळा-शाळा खेळून सराव करून घेतलाय का?

दुसरा प्रश्न निरोपाचा. 'डबा खाऊन झाला, गाणी झाली की मी येते' असं सांगून, पापा घेऊन लगेच निघावं, हे मला पटतं. या वयात घड्याळ कळत नाही, एकामागून एक होणाऱ्या गोष्टी कळतात. सासूबाई म्हणतात, तिची नजर चुकवून गुपचूप सटक, म्हणजे रडणार नाही. (आणि दुसऱ्या दिवशी हात सोडणार नाही, त्याचं काय!) त्यांना न दुखवता घरात सगळ्यांची एकच पद्धत कशी ठरवावी?

आणि बाईंना पहिल्या भेटीत मुलीबद्दल काय काय सांगून ठेवलंत?