टायबेरियसचं डिनारियस, वजन ३.१२ ग्रॅम: घ्यावं का?

दर्यावर्दी

नमस्कार मंडळी. ओळखीच्या विक्रेत्याने एक रोमन चांदीचं नाणं (डिनारियस) आठवडाभर बघायला दिलं आहे, पैसे अजून दिलेले नाहीत. एका बाजूला उजवीकडे पाहणारा चेहरा, डोक्यावर पानांचा मुकुट, मानेमागे फितीची टोकं. भोवती 'टी सीझर डिव्ही ऑग एफ ऑगस्टस' असं वाचता येतं. मागे खुर्चीवर बसलेली स्त्री, एका हातात लांब दांडा, दुसऱ्यात फांदी, आणि 'पाँटिफ मॅक्झिम'. वजन ३.१२ ग्रॅम, व्यास साधारण १८ मिमी. काठावर एके ठिकाणी हिरवट ठिपका आहे आणि गालावर टाचणीच्या टोकाएवढा फोड आलाय.

विक्रेता म्हणतो की हे अतिदुर्मिळ आहे आणि जुन्या संग्रहातलं आहे. कागद काही नाही. सोनाराच्या मशीनवर ९४ टक्के चांदी दाखवली. मला तीन गोष्टी कळायला हव्यात: नाणं नेमकं कोणतं, खरंच दुर्मिळ आहे का, आणि अस्सल आहे हे घरच्या घरी कसं तपासायचं?

टाकसाळ

नाण्याची ओळख सोपी आहे. रोमन सम्राट टायबेरियस, राज्यकाळ इ.स. १४ ते ३७, टाकसाळ लुगदुनुम म्हणजे आजचं फ्रान्समधलं ल्यों. पुढचा मजकूर 'दिव्य ऑगस्टसचा पुत्र टायबेरियस सीझर ऑगस्टस', मागचा 'महापुरोहित'. बसलेली स्त्री ही त्याची आई लिव्हिया की शांतिदेवता पॅक्स, यावर एकमत नाही.

आरआयसी, म्हणजे 'रोमन इम्पीरियल कॉइनेज' या सूचीग्रंथाच्या पहिल्या खंडात, म्हणजे १९८४ च्या सुधारित आवृत्तीत, या छापाच्या डिनारियसना २६, २८ आणि ३० हे क्रमांक आहेत. मधले २५, २७, २९ त्याच छापाच्या सोन्याच्या ऑरियसचे. तिन्हींतला फरक मागच्या बाजूलाच आहे. खुर्चीचे पाय साधे की नक्षीदार, खाली आडवी रेषा एक की जास्त, स्त्रीचे पाय पाटावर टेकलेत का, हातात राजदंड आहे की उलटा धरलेला भाला, हे भिंगाखाली पाहा. ऑक्रे या मोफत ऑनलाइन सूचीवर तिन्ही क्रमांकांचे फोटो आहेत, शेजारी ठेवून ताडा. मजकुरावरून साल काढता येणार नाही. बऱ्याच रोमन नाण्यांवर सम्राटाला दरवर्षी नव्याने मिळणाऱ्या 'लोकाधिकारा'चं कितवं वर्ष ते कोरलेलं असतं, त्यावरून साल मिळतं. इथे मजकूर वर्षानुवर्षं तोच राहिला, त्यामुळे अभ्यासक चेहऱ्याच्या घडणीवरून आणि खुर्चीच्या तपशिलावरून गट पाडतात.

'अतिदुर्मिळ' हे साफ चूक. पहिल्या शतकातल्या सर्वांत जास्त सापडणाऱ्या डिनारियसपैकी हे एक आहे. मागणी जास्त आहे ती बायबलमुळे. 'सीझरचं ते सीझरला द्या' या प्रसंगात येशूला दाखवलेलं नाणं हेच, असं परंपरेने मानलं जातं, म्हणून नाणेसंग्राहक नसलेले लोकही ते घेतात आणि भाव चढा राहतो. टायबेरियसचं खरोखर कमी मिळणारं चांदीचं नाणं हवं असेल तर त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतलं चार घोड्यांच्या रथाचं पाहा (आरआयसी ४). सूचीतली सी (सर्रास) ते आर५ (अत्यंत दुर्मिळ) ही दुर्मिळतेची श्रेणी मोठ्या संग्रहालयांतल्या नगांवर बेतलेली आहे. ती ठरली तेव्हा मेटल डिटेक्टरने सापडलेले ढीग आजच्याइतके बाजारात आलेले नव्हते, तेव्हा आर२ लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका. गेल्या काही वर्षांत लिलावांत तो छाप कितीदा आला ते लिलावांच्या ऑनलाइन नोंदींत मोजा.

मला खटकतंय ते वजन. ऑगस्टस आणि टायबेरियसच्या काळी एका रोमन पौंडातून ८४ डिनारियस पाडत, म्हणजे नग जवळपास ३.९ ग्रॅमचा. प्रत्यक्षात टायबेरियसची चांगली नाणी ३.६ ते ३.८ भरतात, झिजलेली ३.४ च्या आसपास. इ.स. ६४ मध्ये सम्राट नीरोने पौंडामागे ९६ केली आणि चांदीही कमी केली. त्यानंतरच्या ट्रेजन सम्राटाचं नाणं ३.१२ भरलं असतं तर काहीच वाटलं नसतं. टायबेरियससाठी हे कमी आहे, आणि तुमचं नाणं वर्णनावरून फारसं झिजलेलंही दिसत नाही.

काठपारखी

३.१२ म्हणजे सरळ नकली, परत करा, असं कोणी सांगेल. पण हलक्या वजनाची चार कारणं असू शकतात: ओतीव नक्कल, तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेलं प्राचीन खोटं नाणं, जमिनीत चांदी कुजून सच्छिद्र झालेलं अस्सल नाणं, किंवा भारतातच केलेली प्राचीन नक्कल. यातलं पहिलं फक्त कचरा आहे. म्हणून आधी काठ बघा.

दहापट भिंग घ्या, दिवा बाजूने तिरका ठेवा आणि नाणं बोटांत फिरवत पूर्ण काठ बघा. ओतीव नाण्याला दोन साचे जुळतात तिथे शिवण राहते आणि ती कानशीने घासलेली असते. एकाच दिशेच्या बारीक समांतर रेघा दिसल्या तर नाणं बाजूला ठेवा. हातोड्याने ठोकलेल्या नाण्याच्या काठाला चिरा जातात. खऱ्या चिरेच्या कडा धारदार असतात आणि ती आत निमुळती होत जाते. ओतीव नाण्यात तीच चीर उथळ आणि गुळगुळीत उतरते.

मग अक्षरं. ठोकलेल्या नाण्यात अक्षराची भिंत पृष्ठभागापासून सरळ उभी राहते आणि बाहेरच्या अंगाला धातू वाहिल्याच्या बारीक किरणांसारख्या रेषा दिसतात. ओतीव नाण्यात अक्षराचा पाया गोलसर, आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत हवेचे गोल खड्डे. गंजाचे खड्डे वेडेवाकडे असतात, हवेचे वाटोळे.

तिसरी तपासणी जुळ्याची. लिलावाच्या नोंदींत आणि नकली नाण्यांच्या ऑनलाइन यादीत याच छापाचे फोटो चाळा. दोन नाणी एकाच ठशाची निघणं स्वाभाविक आहे, ठशातली खोट दोन्हींवर येणारच. पण काठाची चीर, मध्यापासून सरकलेला छाप आणि झीज हे सगळं जसंच्या तसं जुळलं तर दोन्ही नाणी एका साच्यातली आहेत. ठोकणीगणिक चकती वेगळी बसते, त्यामुळे या तीन गोष्टी कधीच जुळू शकत नाहीत.

दोन बाजूंच्या छापांचा परस्पर कोन नोंदवून ठेवा, पण त्यावरून निकाल देऊ नका. ल्योंच्या या नाण्यांत तो कसाही येतो.

घनता

सोनाराच्या मशीनबद्दल आधी सांगतो, कारण यात भले भले फसतात. ते मशीन क्ष-किरणांनी फक्त वरचा पातळ थर वाचतं. पत्रा चढवलेल्या नाण्यावर ते पत्र्याचीच चांदी दाखवणार. शिवाय जमिनीत राहिलेल्या अस्सल नाण्याच्या पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं, त्यामुळे तिथेही आकडा फुगतो. ९४ टक्क्यांवरून आतलं काहीच कळत नाही. आणि कसोटीवर तर अजिबात घासू नका.

विशिष्ट गुरुत्व काढा, म्हणजे नाणं तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे ते. ०.००१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागेल. ०.०१ चा काटा इथे चालत नाही, कारण एवढंसं नाणं जेमतेम ०.३५ ग्रॅम पाणी बाजूला सारतं. त्यात ०.०१ ची चूक म्हणजे उत्तरात ०.३ ची चूक, आणि चांदी व मिश्रधातू यांतला फरकच तेवढा असतो.

कृती: उकळून गार केलेलं डिस्टिल्ड पाणी छोट्या काचेच्या पेल्यात घ्या, त्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब टाका म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. नाणं कोरडं असताना वजन आधीच घेतलेलं असू द्या. आता बारीक नायलॉनच्या दोऱ्याने नाणं पाण्यात पूर्ण बुडेल असं टांगा. तळाला किंवा काचेला टेकता कामा नये, दोरा वरून स्टँडला बांधा, हातात धरू नका. काट्यावर दिसेल ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याचं वजन भागिले हा आकडा, गुणिले ०.९९७ (पाणी २५ अंशांवर असेल तर). तीनदा मोजा. काट्यावरचा आकडा दर वेळी कमी होत गेला तर आधी बुडबुडे अडकलेले नव्हते ना ते पाहा, नाण्याच्या छिद्रांत पाणी शिरत असेल तरीही तो असाच कमी होत जातो.

शुद्ध चांदी १०.४९, तांबं ८.९६. चांगल्या डिनारियसचं उत्तर १०.२ ते १०.४५ मध्ये यायला हवं. ९.५ च्या खाली आलं तर आत तांबं आहे. ७.३ च्या आसपास म्हणजे कथील. एक लक्षात ठेवा: दागिन्यांच्या ९२५ चांदीत पाडलेली आधुनिक नक्कलही १०.३५ देते. या परीक्षेत नापास झालेलं नाणं चांदीचं नाही हे नक्की कळतं. पास झालेलं अस्सल आहे हे त्यातून कळत नाही, त्यासाठी वर काठपारखींनी सांगितलेलंच करायला लागेल.

दर्यावर्दी

सर्वांचे आभार. प्रयोगशाळेतल्या काट्यावर मोजलं. कोरडं वजन ३.१२०, पाण्यातला आकडा तिन्ही वेळा ०.३३८. म्हणजे ९.२० आलं. काठावर शिवण किंवा कानशीच्या रेघा नाहीत. हिरवा ठिपका भिंगाखाली पाहिला तर तिथे चांदीचा थर उचकटल्यासारखा आहे आणि आत लालसर-तपकिरी दिसतंय. खुर्चीचे पाय नक्षीदार, खाली एकच रेषा. आता हे प्राचीन खोटं नाणं की आजकाल मुलामा दिलेलं?

घनता

९.२० वरून सरळ हिशोब होतो. वरचा थर चांदी आणि गाभा तांबं धरला तर आकारमानाच्या साधारण १६ टक्के चांदी. विजेचा मुलामा एवढा जाड कधीच नसतो, तो मायक्रॉनमध्ये मोजतात आणि त्याने विशिष्ट गुरुत्व ८.९६ च्या वर जेमतेम सरकतं. सोळा टक्के म्हणजे चांगला जाड पत्रा. प्राचीन पद्धत तीच होती: तांब्याच्या चकतीभोवती चांदीचा पत्रा गुंडाळून तापवायचा आणि मग ठोकायचा. संग्राहक याला फुरे म्हणतात.

काठपारखी

लक्षणंही तेच सांगतात. गालावरचा फोड आतल्या तांब्याच्या गंजाने पापडासारखा उचलला गेलाय. प्राचीन पत्र्याला फाटल्यावर जाडी दिसते, कड दिसते. विजेचा मुलामा चिरांच्या आत आणि खड्ड्यांच्या तळाशीही पोचतो, कारण तो नाणं तयार झाल्यावर चढवतात. म्हणून काठावर चीर असेल तर तिच्या आत पाहा: तिथे तांबं उघडं असेल तर पत्रा ठोकण्याआधीचा आहे.

आता मजकूर अक्षर-अक्षर तपासा. फुरे पाडणारे बहुतेक खासगी खोटे टाकसाळवाले होते. कधी अक्षर गळतं, कधी उलटं येतं, कधी पुढची बाजू एका सम्राटाची आणि मागची दुसऱ्याच नाण्याची. असं काही सापडलं तर माझ्या मते तुमच्या नाण्याची गंमत वाढली. त्या काळी बाजारात खोटी चांदी कशी चालवत, याचा हा हातात धरता येणारा पुरावा आहे, फक्त भाव अस्सल चांदीच्या नाण्याच्या एका अंशाएवढाच द्या. फुरे म्हणून विकत असतील तर घ्या. 'अतिदुर्मिळ चांदी' म्हणून विकत असतील तर परत करा.

तेरकर

भारताचा संदर्भ जोडतो. दक्षिण भारतात रोमन चांदीचे जे साठे निघालेत त्यांत दोन छाप भरमसाट आहेत: ऑगस्टसचा, ज्याच्या मागे गायस आणि लुशियस हे दत्तक पुत्र ढाली-भाल्यांसह उभे आहेत, आणि टायबेरियसचा हाच. नलगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्लेचा साठा पाहा. नीरोच्या बदलानंतरची हलकी नाणी इकडच्या साठ्यांत फारच कमी. चांदीची पारख इथल्या व्यापाऱ्यांना होती हे उघड आहे. इथे सापडलेल्या बऱ्याच रोमन नाण्यांवर, विशेषतः सोन्याच्या, छिन्नीचा खोल घाव सम्राटाच्या चेहऱ्यावरून आडवा गेलेला असतो. का मारत, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. इथल्या प्राचीन नकलांत चेहरा सपाट होतो आणि अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या येतात. तुमचा मजकूर नीट वाचता येतोय, म्हणजे ती शक्यता कमी.

कायद्याचं नीट पाहा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष ठरतो. असा धंदा करणाऱ्याकडे परवाना हवा, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या प्रमाणीकरण कंपनीकडे पोस्टाने पाठवणं हीदेखील निर्यातच. विक्रेत्याने 'शेतात सापडलं' म्हटलं तर तिथेच थांबा. जमिनीतून निघालेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. 'जुना संग्रह' म्हणत असेल तर जुनं पाकीट, बिल, लिलावाची चिठ्ठी मागा. घेतलंत तर सही-तारखेची पावती घ्या, त्यावर वजन आणि फोटो असू द्या.

अभ्यासासाठी नाशिकजवळ आंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथलं ग्रंथालय आणि संग्रहालय जरूर पाहा.

टाकसाळ

नाणं हातात आहे तोवर धुवायचा मोह टाळा. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, चांदी चमकवायचे द्रव यातलं काहीही नाही. साध्या चांदीच्या नाण्यावरही ते वाईटच, पण फुरेवर आम्ल लागलं तर ते फाटलेल्या जागेतून आत शिरून गाभा खातं आणि पत्रा सुटून येतो. फार तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून काढा, टिपकागदावर ठेवा, मग सिलिका जेलच्या डब्यात दोन दिवस. पाण्यात मोजून झाल्यावर हे लगेच करायला हवं, गाभ्यात ओल राहिली तर हिरवा ठिपका वाढेल.

ठेवायला पीव्हीसीची मऊ पाकिटं नकोत, त्यांतून हिरवा चिकट थर सुटतो. मायलारची (पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मची) घ्या. रबर बँड जवळही ठेवू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. पावसाळ्यात, कोकणात असाल तर विशेषच, जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत भरा आणि महिन्यातून एकदा तो ठिपका भिंगाखाली पाहा. फिकट हिरवी भुकटी सुटायला लागली तर नाणं बाकीच्या संग्रहापासून वेगळं काढा.

चिठ्ठीवर असं लिहा: टायबेरियस, डिनारियस, फुरे, ल्योंच्या छापाची प्राचीन नक्कल, आरआयसी ३० शी ताडा, ३.१२ ग्रॅम, १८ मिमी, विशिष्ट गुरुत्व ९.२०. 'ताडा' हा शब्द गाळू नका. ते क्रमांक सरकारी टाकसाळीच्या नाण्यांचे आहेत, हे बहुधा त्या टाकसाळीतलं नाही.