मिथिलीन ब्ल्यूचा रंग पांढऱ्या एलईडीखाली जातो. हे उत्प्रेरकाचे काम मानावे का?

प्रश्न:
पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी टायटॅनियम डायऑक्साइडची अ‍ॅनाटेज रूपातील पूड वापरून पाण्यातील मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगद्रव्याचे विघटन करून पाहत आहे. अतिनील दिवा उपलब्ध नसल्यामुळे पांढरा एलईडी दिवा वापरला आणि काही तासांत निळा रंग बराच फिका झाला. मात्र स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर) ६६४ नॅनोमीटरजवळचे शोषणाचे शिखर नुसते खाली आलेले नाही, तर आखूड तरंगलांबीकडे सरकलेलेही दिसते. अ‍ॅनाटेजला अतिनील प्रकाश लागतो असे सर्वत्र वाचले आहे. मग येथे नेमके काय घडत असावे?

प्रतिसाद १:
तुमची शंका रास्त आहे. अ‍ॅनाटेजचे पट्टांतर (इलेक्ट्रॉनला वरच्या ऊर्जा-पट्ट्यात जाण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, म्हणजे सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगलांबीच्या प्रकाशाने त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जात नाही, आणि पांढऱ्या एलईडीत त्याहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ नसतोच. तुमच्या प्रयोगात बहुधा रंगद्रव्यच प्रकाश शोषत आहे. उत्तेजित झालेल्या रेणूचा इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये उतरतो, तेथून पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनकडे जातो, आणि इलेक्ट्रॉन गमावलेला रेणू हळूहळू मोडू लागतो. शिखर सरकणे हे त्या रेणूवरील मिथिल गट (CH₃) एकेक करून गळत असल्याचे चिन्ह आहे. तीन कड्यांची मूळ चौकट मात्र अजून शाबूत असू शकते. या मार्गाची खरी मर्यादा अशी, की रंग संपला की प्रक्रियाही थांबते, कारण उरलेले रंगहीन तुकडे दृश्य प्रकाश शोषतच नाहीत. अतिनील प्रकाशात मात्र उत्प्रेरकातच मोकळे इलेक्ट्रॉन आणि धन विवर (इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेली धनप्रभारित रिकामी जागा) निर्माण होतात, विवरामुळे पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील OH कण) तयार होतात आणि ते कडीही फोडतात.

प्रतिसाद २:
वरील स्पष्टीकरणाशी सहमत आहे, पण ते तुमच्या बाबतीत सिद्ध करायचे असेल तर आधी दोन तुलनात्मक प्रयोग हवेत: एक उत्प्रेरकासह पूर्ण अंधारात आणि दुसरा उत्प्रेरकाविना प्रकाशात. मिथिलीन ब्ल्यू धनप्रभारित असल्यामुळे पाणी थोडेसे अल्कधर्मी असले की हे रंगद्रव्य पुडीच्या पृष्ठभागाला चिकटते, आणि अशा चिकटण्याने (अधिशोषणाने) गेलेला रंग विघटनाच्या खात्यात जमा होतो. ऑक्सिजन कमी पडला तर हे रंगद्रव्य क्षपण होऊन (इलेक्ट्रॉन मिळून) रंगहीन रूपातही जाते आणि हवा लागताच पुन्हा निळे होते. म्हणून पाण्यात उरलेला एकूण सेंद्रिय कार्बन मोजल्याशिवाय ‘विघटन’ हा शब्द वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. दिव्यामुळे उत्प्रेरक स्वतः उत्तेजित होतो का, हे तपासायचे असेल तर बेन्झोइक आम्लासारखा रंगहीन पदार्थ घ्या. फिनॉल टाळावे, कारण ते पृष्ठभागाशी बंध जुळवून दृश्य प्रकाश शोषू शकते आणि पुन्हा तीच दिशाभूल होते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. अंधारातील प्रयोग मी केलाच नव्हता. हे निष्कर्ष कापड रंगवण्याच्या सांडपाण्याला लागू पडतील का?

प्रतिसाद ३:
थेट लागू पडणार नाहीत. तेथील अनेक रंगद्रव्ये अ‍ॅझो वर्गातील असतात. त्यांतील दोन नायट्रोजनांमधला दुहेरी बंध तुटला की रंग जातो, परंतु अर्धवट विघटनातून अ‍ॅरोमॅटिक अमाइन तयार होऊ शकतात आणि त्यांतील काही मूळ रंगद्रव्यापेक्षा अधिक घातक असतात. शिवाय रंगाईच्या पाण्यात मीठ आणि सोडा भरपूर असतो. कार्बोनेट आणि क्लोराइड आयन हायड्रॉक्सिल मूलकांना गिळतात, तर गडद रंग प्रकाशाला आत शिरू देत नाही. त्यामुळे ही पद्धत जैविक प्रक्रियेनंतरच्या, बऱ्यापैकी निवळलेल्या पाण्यासाठी मला अधिक योग्य वाटते. तुमच्या प्रकल्पापुरते सांगायचे तर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील एलईडी मिळवा, अंधारात किमान अर्धा तास ढवळल्यानंतरच दिवा लावा आणि त्या क्षणाची संहती हीच सुरुवातीची संहती धरा.