शब्दचर्चा: तिकांडं, मिरीग आणि बाज

प्रश्न: आमच्याकडे थंडीत आजी म्हणायची, ‘तिकांडं माथ्यावर आलं, झोपा आता.’ तिकांडं म्हणजे मृग नक्षत्रच ना? मग मिरीग तर जूनमध्ये निघतो. हे कसं जुळवायचं?

उत्तर: तिकांडं म्हणजे सबंध मृग नव्हे, त्याच्या पोटातले एका रेघेतले तीन तारे. मूळ शब्द ‘त्रिकांड’, आणि तो फार जुना आहे. हरणाचं रूप घेतलेल्या प्रजापतीला बाण मारल्याची कथा ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात आहे. त्या बाणाला तिथे ‘इषुस्त्रिकाण्डा’, म्हणजे तीन कांडांचा बाण म्हटलं आहे. मारणारा तो मृगव्याध, आपला व्याधाचा तारा. तीन ताऱ्यांची रेघ आग्नेयेकडे वाढवा, व्याध सापडतो. उलटीकडे वाढवली की रोहिणीच्या आसपास जाता. कोल्हापुरात ‘कांडं’ कुणाला समजावून सांगावं लागत नाही, उसाचं कांडं रोजच्या तोंडातलं आहे. इतक्या जुन्या ग्रंथातला शब्द शेतातल्या बोलीत असा जिवंत राहिला, याचा मला खरोखर अभिमान वाटतो.

आता मिरीग. ७-८ जूनला ‘मिरीग निघाला’ म्हणतो तेव्हा सूर्य मृगात शिरलेला असतो. म्हणजे ते तारे दिवसा सूर्याबरोबर वर असतात आणि रात्री दिसतच नाहीत. सूर्य एकेका नक्षत्रात साधारण १३-१४ दिवस राहतो, त्यावरून पावसाची नावं पडली. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आश्लेषाचा आसळका. ‘तो बघ म्हातारा’ म्हणून आकाशात कुणी बोट दाखवत नाही. ही पावसाचीच नावं.

तिकांडं मात्र रात्रीचा शब्द. डिसेंबरच्या मध्याला ते दिवस मावळायच्या सुमारास पूर्वेला उगवतं, मध्यरात्री माथ्याच्या किंचित दक्षिणेला येतं आणि उजाडता उजाडता पश्चिमेला टेकतं. (मार्गशीर्ष महिन्याचं नाव याच नक्षत्रावरून आहे, कारण त्याची पौर्णिमा मृगशीर्षाजवळ होते.) गुऱ्हाळावर रात्रभर चुलवाण पेटतं ठेवणाऱ्याला आणि उसाला रात्री पाणी पाजणाऱ्याला याहून चांगलं घड्याळ कुठलं? फक्त तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात. महिन्याला दोन तासांचा फरक पडतो, तेवढा हिशोब ठेवावा लागतो. आजीचा ‘माथ्यावर आलं’ हा इशारा म्हणूनच डिसेंबरात मध्यरात्रीचा आणि जानेवारीच्या मध्याला दहाच्या सुमाराचा.

प्रश्न: आणि बाज?

उत्तर: बाज म्हणजे खाट, ती सप्तर्षींची. चौकोनातले चार तारे म्हणजे बाजेचे खूर, मागचे तीन म्हणजे बाज पळवायला आलेले चोर. यातला मधला चोर म्हणजे पोथीतले वसिष्ठ ऋषी! त्यांच्या अगदी जवळचा बारीक तारा अरुंधती, लग्नात नवरानवरीला दाखवतात ती. एकाच ताऱ्याला एका घरात ऋषी म्हणतात, दुसऱ्यात चोर, आणि माझ्या मते दोन्ही नावं सारखीच अस्सल आहेत. शब्दकोशात लोकनाव ‘ग्राम्य’ असा शेरा मारून खाली ढकलू नये.

बघायची असेल तर चैत्र-वैशाखात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला बघा. कार्तिकात संध्याकाळी शोधू नका, कोल्हापूर १६.७ अंश अक्षांशावर असल्यामुळे तेव्हा अख्खी बाज क्षितिजाखाली गेलेली असते.