मदत हवी आहे: युनिव्हर्सिटी लॉगिनचा सहा आकडी कोड नवीन फोनवर येत नाहीये

भो, कोणाला हे टू-फॅक्टरचं (पासवर्डनंतर वर आणखी एक कोड मागतात ते) नीट माहीत असेल तर सांगा. लहान बहीण बाहेरच्या युनिव्हर्सिटीत एमएस्सीला आहे, सध्या घरी, आणि घर आमचं चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी, गच्चीवर गेलं तर एक दांडी रेंज, एसएमएसचा ओटीपी येईस्तोवर त्याची मुदत संपलेली असते. म्हणून तिने ऑथेंटिकेटर ॲप लावलं होतं, ते झकास चालायचं, कारण कोड फोनमध्येच तयार होतो, नेट नसलं तरी दर ३० सेकंदाला बदलतो, फक्त फोनचं घड्याळ बरोबर पाहिजे.

आता जुना फोन कायमचा गेला. नवीन फोनमध्ये तेच सिम, तेच ॲप, पण उघडलं तर आत काहीच नाही, नुसतं प्लसचं चिन्ह. सिमचा काय उपयोग म्हणा, सगळं ॲप लावताना स्कॅन केलेल्या क्यूआरमधल्या गुप्त कीवर चालतं, न् ती जुन्या फोनबरोबरच गेली. पोर्टल म्हणतं आधी कोड टाका मग सेटिंग बदला, म्हणजे चावी कपाटात न् कपाटाला कुलूप! आयटीवाल्यांना मेल केला तर ते उत्तर युनिव्हर्सिटीच्याच मेलवर पाठवतात, जो उघडतच नाही. फोन गेला तर वापरायचे बॅकअप कोड तर सेटिंगच्या वेळी दाखवलेच नव्हते.

रीसेटला आयकार्ड घेऊन प्रत्यक्ष जावंच लागतं का, का व्हिडिओ कॉलवर होतं कुठे? आणि नवीन क्यूआर मिळाला की तोच माझ्या फोनवरपण स्कॅन करून ठेवला तर चालेल ना? परीक्षेचा फॉर्म अडकलाय. इनबॉक्सात पासवर्ड मागायला कोणी येऊ नका, सरळ ब्लॉक करेन.