एम-११३ वरची जोडकामं: डिझाइनचा विजय की पराभव? (रणवेध, पोलादी आणि टेहळणी यांच्यातला वाद)

रणवेध
आघाडीवर चिलखती गाडीला कुणी पत्रे ठोकले, पोती रचली की लगेच ‘डिझाइन फसलं’ असा शिक्का बसतो. मला हे पटत नाही. सैनिक वाहून नेणारी गाडी कारखान्यात अर्धीच घडते, उरलेली अर्धी लढाईत घडते.

सैनिक वाहून नेणारी अमेरिकी चिलखती गाडी एम-११३ घ्या. पायदळाला आघाडीपर्यंत न्यायचं, उतरवायचं आणि मागे फिरायचं, एवढंच तिचं काम ठरलं होतं. १९६२ पासून दक्षिण व्हिएतनामी सैन्याने मात्र ती थेट हल्ल्यात घातली. भातखाचरं तुडवणाऱ्या, कालवे पोहून जाणाऱ्या गाडीतून चिखलात कोण उतरणार? पण छतावरची .५० मशीनगन चालवणारा गनर कमरेपासून वर उघडा असायचा. २ जानेवारी १९६३ ला आप बाकच्या लढाईत एका दिवसात डझनाहून जास्त जण असे मारले गेले.

यावर उत्तर शोधलं ते त्या तुकड्यांनीच. गनपुढे ढाली बसवल्या. पहिल्या ढाली बुडालेल्या जहाजाच्या पत्र्याच्या होत्या, त्यांतून गोळी आरपार जायची. मग भंगारातल्या चिलखती गाड्यांचं पोलाद कापून लावलं, ते टिकलं. पुढे ही गाडी बनवणाऱ्या एफएमसी कंपनीने तयार संचच काढला: मुख्य गनभोवती कवच आणि छतावरच्या मागच्या झडपेच्या (हॅच) दोन्ही अंगांना ढालीसकट एकेक एम-६० मशीनगन. १९६६ मध्ये अमेरिकेची ११वी आर्मर्ड कॅव्हलरी ही चिलखती रेजिमेंट अशीच ढाली लावलेली एम-११३, म्हणजे ‘एकॅव्ह’, घेऊन व्हिएतनाममध्ये उतरली. गनरच्या जिवावर बेतलेली चूक जवानांनी ओळखली आणि कंपनीने त्यांचं ऐकलं. मला याचं फार मोल वाटतं.

पोलादी
वरचा गनर वाचला, पण पोटात बसलेल्यांचं काय? सुरुंगाच्या भीतीने जवान गाडीच्या आत न बसता छतावर बसून जायचे, फरशीवर वाळूची पोती अंथरायचे. सुरुवातीच्या गाड्या पेट्रोलवर चालणाऱ्या, त्यामुळे आगीची धास्ती वेगळीच. चिलखतापेक्षा उघडं छत बरं वाटतं, तिथे वर किती ढाली लावल्या याचं कौतुक कसलं?

ॲल्युमिनियमचं कवच बंदुकीच्या गोळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे अडवण्यापुरतं आहे. इस्रायलने १९८२ च्या लेबनॉन युद्धानंतर त्यावर ‘टोगा’ नावाचे भोकं पाडलेले पोलादी पत्रे चढवले. तरीही २०१४ मध्ये गाझाच्या शुजाइया वस्तीत एम-११३ वर हल्ला झाला आणि गाडीतले सातही सैनिक गेले. पन्नास वर्षं आपण मलमपट्टीच करत बसलो.

टेहळणी
पण त्याच पेटीने उखळी तोफ म्हणजे मॉर्टर वाहिली (एम-१०६), उंच छत घेऊन कमांड पोस्ट झाली (एम-५७७), विमानांवर झपाट्याने मारा करणारी व्हल्कन तोफ पेलली (एम-१६३). ऑस्ट्रेलियाने तर तिच्यावर सॅलॅडिन या ब्रिटिश चिलखती गाडीचं ७६ मिमी तोफेचं टरेट, म्हणजे फिरता बुरूज, बसवलं. साधा, चौकोनी, हलका सांगाडा नसता तर हे जमलं नसतं.

पोलादी
मॉर्टरची गाडी मागे उभी राहते, तिथे हलकी पेटी चालते. पायदळाला गोळीबारात पुढे न्यायचं तर सांगाडा रणगाड्याचाच हवा. ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीत कॅनडाच्या जनरल सायमंड्सने नेमकं हेच केलं. ‘प्रीस्ट’ या रणगाड्याच्या सांगाड्यावरच्या तोफगाड्यांमधल्या १०५ मिमी तोफा काढल्या, पुढची भगदाडं पोलादाने बुजवली आणि आत पायदळ बसवलं. हेच ते कांगारू. इस्रायलची अख्झारित ही सैनिक वाहून नेणारी गाडी पाहा: पकडलेल्या टी-५४/५५ चा सांगाडा, टरेट काढलेलं. वेगळं इंजिन आडवं बसवून शेजारून मागच्या दारापर्यंत वाट काढली, म्हणजे जवान पाठीमागून उतरू शकतात. ४४ टन वजन. जोडकाम करायचं तर असं, मुळापासून.

रणवेध
तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत! कांगारू कुठल्या ड्रॉइंग बोर्डावर जन्मले? आघाडीमागच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकांनी आठवडाभरात तोफा उतरवून, पत्रे जोडून ते उभे केले आणि ७ ऑगस्टच्या रात्री त्यांत बसून पायदळ हल्ल्याला निघालं. सुरुंग आणि आरपीजीपुढे (खांद्यावरून डागायच्या रणगाडाभेदी रॉकेटपुढे) एम-११३ कमी पडते, हे मान्य. पण ४४ टनांची अख्झारित दक्षिण व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीच्या चिखलात घातली असती तर पहिल्याच कालव्यात रुतली असती. तिथे ढाल लावलेली हलकी गाडीच हवी होती.

पोलादी
मेकाँगपुरतं मान्य. मग गाझाच्या गल्ल्यांत तीच गाडी पाठवणाऱ्यांना जाब विचारा. तिथे ना चिखल होता, ना कालवे, आणि अख्झारित तर इस्रायलच्याच सैन्याकडे होत्या.