मदत हवी आहे: दादाच्या कमरेतून कट्टकन आवाज येतो. 'शार्को स्पाइन'चा (संवेदना नसलेले मणके झिजून ढासळतात तो आजार) कुणाला अनुभव?

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, वय ४४. २००८च्या मे महिन्यात आंबे काढताना कलमावरून पडला. डी १० ला (पाठीच्या दहाव्या मणक्याला) मार लागला. कमरेखाली हालचाल नाही, संवेदनाही नाही. तेव्हाच रॉड-स्क्रू घालून डी ८ ते डी १२ पक्कं केलं. पडवीत दुकान चालवतो, बाजूला चाकं लावलेली स्कूटर आहे, दर चार तासांनी सीआयसीची नळी (लघवी काढायची) स्वतःच घालतो. पलंग, खुर्ची, स्कूटर असं दिवसातून पंधरा-वीस वेळा नुसत्या हातांच्या जोरावर अंग उचलून टाकतो.

गेल्या गणपतीपासून बसल्यावर डावीकडे कलायला लागला. वहिनीला वाटलं उशी दबली, म्हणून नवी आणली. मग कूस वळताना कमरेतून कट्ट असा आवाज. पलीकडच्या खोलीत ऐकू येतो, अतिशयोक्ती नाही. दुखतं का विचारलं तर "छे! आत काहीतरी सरकल्यासारखं वाटतं" एवढंच. त्यात पायांना जे झटके यायचे ते जवळजवळ थांबले. आम्ही खूश! वहिनीने देवाला नारळही ठेवला. मधेच लघवी गळायला लागली, ती आम्ही इन्फेक्शनच्या खात्यावर टाकली.

एमआरआयमध्ये एल ३-एल ४ (कमरेचा तिसरा आणि चौथा मणका) मधली चकती संपलेली, दोन्ही मणके खाल्ल्यासारखे, भोवती पाणी. पहिले डॉक्टर म्हणाले टीबी, आजच एकेटी (टीबीची औषधं) चालू करा. पण ताप नाही, वजन जागेवर, ईएसआर (सूज दाखवणारी रक्ततपासणी) २२. दुसरे म्हणतात शार्को स्पाइन, पेल्व्हिसपर्यंत (कटीच्या हाडापर्यंत) रॉड घालावे लागतील.

विचारायचं ते असं: बायोप्सी करून घ्यावी का? तोवर पट्टा लावावा का? आणि कंबर पूर्ण जखडली तर तो वाकून पँट घालू शकेल का, नळी घालू शकेल का? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "आधी मणका वाचवू." (शेजारचे काका मणका बसवणाऱ्या वैदूचा नंबर घेऊन तयारच आहेत.)

हाडांचीडॉक्टर:
वैदू अजिबात नको. त्या जागी काही धरून ठेवणारं उरलेलं नाही, रेटलं तर आणखी सरकेल.

शार्को हे फ्रेंच डॉक्टर. सिफिलिसने मज्जारज्जू बिघडलेल्या रुग्णांचे सांधे कसे ढासळतात ते त्यांनी १८६८मध्ये मांडलं. आज हाच प्रकार मधुमेहींच्या पावलात जास्त दिसतो. तुम्हाआम्हाला कंबर चुकीची वळली की कळ येते आणि आपण थांबतो. दादाला ती कळच येत नाही. वरचे मणके रॉडने जखडलेले, त्यामुळे प्रत्येक उचलीचा सगळा पीळ रॉडच्या खालच्या मणक्यांवर जातो. म्हणून असं बहुतेकदा अपघातानंतर बऱ्याच वर्षांनी उघडकीला येतं.

झटके थांबणं ही बरी खूण नव्हे. ढासळलेल्या मणक्यांमुळे खालच्या नसा दबल्या की पाय सैल पडतात, मूत्राशयही. डॉक्टरांना हे दोन्ही आवर्जून सांगा.

सीटी करा. मागचे छोटे सांधेही झिजलेत, चकतीत हवा आहे, हाडाचा चुरा पडलाय असं दिसलं तर पारडं शार्कोकडे झुकतं. एक्स-रे एक बसून, एक झोपून. बायोप्सी मात्र कराच, कारण शार्को आणि टीबी दोन्ही एकत्र असू शकतात. नमुना कल्चर (जंतू वाढवून बघणं), जीनएक्सपर्ट (टीबीची जनुकीय चाचणी) आणि हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी), तिन्हीला पाठवायला सांगा. तब्येत ठीक असेल तर नमुना घेण्याआधी औषध सुरू करू नये, निदान गढूळ होतं.

चाकावरचा:
मी डी ४. माझं बिंग वेगळ्याच प्रकारे फुटलं. खुर्चीत बसलं की डोकं ठणकायचं, घाम, बीपी वर. आडवं झालं की सगळं शांत. ऑपरेशन पुढून-मागून दोन टप्प्यांत झालं. पँट आता पलंगावर पडूनच घालतो, लांब दांड्याचा चिमटा लागतो. नळी जमते, पण माझे खुबे मोकळे आहेत म्हणून. दादाचे खुबे किती वाकतात ते ऑपरेशनआधी मोजून घ्या. खुबेही आखडलेले आणि कंबरही जखडलेली असेल तर नीट बसताच येत नाही. आणि पुढेही सांभाळायचं, रॉडच्या टोकाशी पुन्हा असंच होऊ शकतं.

हाडांचीडॉक्टर:
पट्ट्याचं राहिलं. पट्टा तात्पुरता ठीक, पण संवेदना नसलेल्या कातडीवर तो जखम करतो आणि कळतही नाही. दिवसातून दोनदा काढून आरशात पाठ बघा. बसायच्या जागी आधीच जखम असेल तर ती भरल्याशिवाय ऑपरेशनची घाई नको.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. आज वहिनीने आरसा धरून बघितलं, डाव्या बैठकीवर रुपयाएवढा लाल डाग आहे. कलून बसण्याचाच प्रताप. सोमवारी सीटी, बायोप्सीबद्दलही बोलणार. चाकावरचा, खुबे कोण मोजतं, फिजिओ की ऑर्थो? तो चिमटा कुठे मिळाला तेही व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दादाचं उचलणं तोवर बंद. पलंगावर पडून दुकानाची वही मागतोय.