ब्रेड घरी भाजला नाही म्हणजे मुलांवर माया नाही?

तिसरा_गजर (धागाकर्ती)

इथे नुकताच 'घरचं ते घरचंच' असा एक लेख आला. म्हणणं थोडक्यात असं: ज्या घरात ओव्हन तापतो आणि विणकामाच्या सुया चालतात, तिथली मुलं शांत, निरोगी आणि मायाळू होतात. विकतचा ब्रेड हा आईच्या आळसाचा पुरावा. वाढदिवसाला दुकानातून केक आणणं म्हणजे मुलाला 'तुझ्यासाठी मला वेळ नाही' असं सांगणं. खाली सगळ्यांनी वाहवा केली आहे. मला राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

मी स्वतः ब्रेड करते. कणीक आणि मैदा निम्मे-निम्मे, पाणी जरा सढळ, कारण कोंडा पाणी पितो. आवडीने करते. तेव्हा 'तुम्हाला जमत नाही म्हणून जळता' असे प्रतिसाद देऊ नयेत.

यीस्टच्या ब्रेडच्या वेळेचा हिशोब मांडून बघा. मळायला दहा-पंधरा मिनिटं, पहिल्यांदा फुगायला तास-दीड तास, आकार दिल्यावर पुन्हा पाऊण तास, भाजायला पस्तीस-चाळीस मिनिटं, मग निवेपर्यंत थांबायचं. हाताचं काम फार नाही, पण तेवढा वेळ घरात कुणीतरी हवं. ते कुणीतरी कोण, हे लेखिकेने गृहीतच धरलंय. लेखात आई प्रत्येक परिच्छेदात राबते. बाबा एकदाच येतात, गरम ब्रेड खायला.

आणि हा आदर्श येतो कुठून? बेटी क्रॉकर हे नाव १९२१ मध्ये अमेरिकेतल्या एका पीठ कंपनीने तयार केलं, बायकांच्या पत्रांना उत्तरं देताना खाली सही करायला. अशी बाई कधी नव्हतीच, तरी कितीतरी जणी तिला खरी समजत होत्या. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये मांडलं की घरात यंत्रं आली तरी गृहिणीचे कामाचे तास फारसे घटले नाहीत, कारण यंत्रांबरोबर अपेक्षाही वाढल्या. ओव्हन आला की पाठोपाठ 'मग केक घरीच कर ना' येतंच.

ज्यांना करायचंय त्यांनी जरूर करावं. न करणारीच्या मायेचं मोजमाप काढू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

ओट्यापाशी

ताई, तुमचा धागा वाचून मलाही राहवलं नाही. आळशी म्हटलेलं मलाही आवडलं नाही, पण तुम्ही दुसरं टोक गाठलंत. घरी ब्रेड करणारी प्रत्येक बाई कुणाच्या तरी दडपणाखाली आहे, असाच तुमचा सूर आहे.

माझ्या मुलाला तिळाची अ‍ॅलर्जी आहे. नुसती खाज नाही, श्वास अडकतो. बेकरीत एकाच टेबलावर, एकाच ट्रेमध्ये तीळ लावलेले आणि न लावलेले पाव बनतात. 'यात तीळ नाही' असं तोंडी सांगून दिलेला पाव आम्ही एकदा खाल्ला आणि रात्र इस्पितळात काढली. त्यानंतर मी दुकानातला पाव घरात आणला नाही. आमच्याकडे ओव्हन हौसेने तापत नाही.

आणि घरचं-विकतचं सारखंच असं कुणी म्हणू नये. संशोधक केविन हॉल यांचा २०१९ चा अमेरिकेतला प्रयोग बघा. २० जणांना महिनाभर संशोधन केंद्रात ठेवलं, दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (कारखान्यात तयार झालेलं) अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न, हवं तेवढं खा म्हणून. दोन्ही जेवणांत समोर ठेवलेली साखर, मीठ, चरबी, तंतू (फायबर) सारख्याच प्रमाणात. तरी पहिल्या प्रकारात माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि वजन वाढलं. आता सांगा, आम्ही उगीच राबतो का?

तिसरा_गजर

तुमच्या मुलाचा मुद्दा पूर्ण मान्य. तिथे पर्यायच नाही. पण त्या प्रयोगातलं साधं अन्न कुणी शिजवलं? संशोधन केंद्राच्या स्वयंपाकघरातल्या पगारी माणसांनी. खाणाऱ्यांनी ना चिरलं, ना मळलं, ना भांडी घासली. आपल्या घरात ते पगारी स्वयंपाकघर नाही, आणि माझं भांडण नेमकं तिथेच आहे.

मधुपर्णी

मला वाटतं दोघी मूळ गोष्ट विसरताय. घरी केलं की आत काय घालायचं ते आपल्या हातात राहतं. मी साखर पूर्ण बंद केली आहे. केकमध्ये फक्त मध, मैद्याऐवजी कणीक, लोण्याऐवजी तेल. इतका पौष्टिक आहे की मुलांना हवा तेवढा खाऊ देते. दुकानातला केक असता तर हात धरला असता.

वजनकाटा

मधुपर्णी, इथे थांबवावं लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मध हा मोकळ्या साखरेतच मोजला आहे, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत. दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ही साखर असावी, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत. म्हणजे मोठ्या माणसाला २००० कॅलरींमागे ५० ग्रॅम, जमलं तर २५. मुलांना त्याहून कमी.

१०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, तेवढ्याच मधात सुमारे ३००, कारण मधात पाणी असतं. एवढाच फरक. मध नैसर्गिक आहे म्हणून 'हवा तेवढा केक' हे चालणार नाही. कणकेने तंतू वाढतात, ते चांगलंच. पण तंतू वाढले म्हणून मध कमी होत नाही.

मधुपर्णी

तुम्ही लोक प्रत्येक घासाला तराजू लावता! आमच्या घरात मध वर्षानुवर्षं खाल्ला जातो, कुणाला काही झालेलं नाही. माझी धाकटी तर आठ महिन्यांची असल्यापासून मधाचा केक चाखते. ठणठणीत आहे.

वजनकाटा

हे मात्र गंभीर आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक, सुप्त रूपं, असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि विष तयार करतात. बाळ मलूल होतं, रडणं क्षीण होतं, दूध ओढत नाही, श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. केक भाजला म्हणून सुटका नाही. ओव्हन १८० अंशांवर असला तरी केकच्या आत तापमान १०० च्या वर जात नाही. हे बीजाणू मारायला दाबाखाली १२१ अंश लागतात. तुमची मुलगी ठणठणीत आहे याचा आनंद आहे. पण इथे लहान बाळांच्या आया वाचत असतील.

ओट्यापाशी

हे मला माहीत होतं, पण वजनकाटा यांचा सूर बरोबर नाही. एखादी आई आपल्या मुलीबद्दल लिहितेय, तिला असं सगळ्यांसमोर?

वजनकाटा

मी बालरुग्ण विभागात रात्रपाळ्या केल्या आहेत. व्हेंटिलेटरवरचं बाळ पाहिलं की सुरापेक्षा मजकूर महत्त्वाचा वाटतो.

मधुपर्णी

बाळांचं समजलं. पुढे तसं लिहिणार नाही. पण मोठ्या मुलांच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही, आणि हा धागा मधावर नव्हता.

टाका_सुलटा

ब्रेड-केकवर एवढं चाललंय, लेखातल्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे कुणी बघतच नाही. 'हाताने विणलेल्या वस्तूत जीव असतो, ती विकत मिळत नाही' असं लिहिलंय ना? मग ऐका. मी क्रोशा करते आणि ते माझ्या पोटापाण्याचं काम आहे.

बाळाचं पांघरूण साध्या खांबांचं (खांब हा क्रोशाचा एक टाका) केलं तरी कित्येक संध्याकाळी जातात. लोकर वेगळी, मान आखडते ते वेगळं. आणि नात्यातली बाई सहज म्हणते, 'तुला येतंच ना, एक करून दे की.' पैशाचं काढलं की चेहरा पडतो. 'हाताने केलेल्यात माया असते' म्हणणारेच मोल द्यायची वेळ आली की दुकानातल्या यंत्रावरच्या स्वेटरशी तुलना करतात. दोन सुयांचं विणकाम यंत्रावर सहज होतं. हाताच्या क्रोशाची गोष्ट वेगळी आहे. साखळी, मुका खांब, खांब असे टाके घालत फिरणारं काम कारखान्यातल्या यंत्रांना जमलेलं नाही. यंत्रावर निघतं ते क्रोशासारखं दिसणारं विणकाम. म्हणजे कुठल्याही दुकानात खरा क्रोशाचा टॉप मातीमोलाने लटकलेला दिसला, तर तो कुणीतरी हाताने घातलेला असतो आणि त्या बाईला काय मिळालं असेल याचा विचार करा.

माया, माया म्हणत काम फुकट करून घ्यायची ही जुनी रीत आहे. ब्रेडचंही तेच चाललंय.

तिसरा_गजर

शंभर टक्के. मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलंत.

ओट्यापाशी

नाही, इथे गल्लत होतेय. मी मुलासाठी स्वेटर विणते तेव्हा मजुरी मागत नाही आणि मला कुणी लुबाडलं असंही वाटत नाही. आईच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून विणायला शिकले. बोलायचं त्राण तिला नव्हतं, टाका चुकला की नुसतं बोट लावून दाखवायची. ते सगळं तासांच्या हिशोबात बसवून दाखवा मला. घरात केलेल्या प्रत्येक गोष्टीला मजुरीचा दर लावायचा म्हटलं तर मग घर कशाला म्हणायचं?

टाका_सुलटा

मी तुमच्या मुलाच्या स्वेटरचा दर लावत नाहीये. माझ्याकडून फुकट नेणाऱ्यांबद्दल बोलतेय. दोन्ही एक करू नका.

आता_मोठी

मुलांच्या बाजूनेही कुणी बोलावं म्हणून लिहिते. आमच्या घरी सगळं घरचं होतं. ब्रेड, बिस्किटं, फ्रॉक, पडदे, सगळं. येणारे-जाणारे थक्क व्हायचे. मला आठवते ती आईची चिडचिड. पीठ फुगलं नाही की घरात कुणी बोलायचं नाही. सायकल शिकवायला, अभ्यासात डोकावायला तिच्याकडे उरायचंच नाही काही. शेजारच्या मैत्रिणीकडे सगळं विकतचं असायचं आणि तिची आई आमच्याबरोबर पत्ते खेळायला बसायची. मी संध्याकाळी तिकडेच पळायचे. आईवर राग नाही. तिला कुणीतरी 'एवढं नको करूस' म्हणायला हवं होतं, ते आमच्या घरात कुणी म्हटलं नाही.

मधुपर्णी

सगळ्याच आया चिडचिड्या नसतात. तुमच्या एका घरावरून सिद्धांत काढू नका.

आता_मोठी

मूळ लेखिकेनेही एकाच घरावरून काढला होता. तेव्हा टाळ्या पडल्या.

रविवारी_बाबा

पुरुष म्हणून बोलतो. आमच्याकडे ब्रेड मी करतो आणि लोक असं कौतुक करतात जसं काही मोठं शौर्य केलं. बायको रोज दोन्ही वेळचं जेवण बघते, तिला कुणी विचारत नाही. याचा मला मनापासून त्रास होतो. एक व्यवहाराचं सांगतो: सुट्टीच्या दिवशी दोन मोठे ब्रेड करा, पूर्ण निवले की कापून फ्रीझरमध्ये टाका आणि लागेल तसे तुकडे थेट टोस्टरमध्ये. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. तिथल्या तापमानाला स्टार्च लवकर कडक होतो, ब्रेड बाहेरच्यापेक्षा आधी शिळा लागतो. रोजच्या चार तासांची बेडी अशी सुटते.

टाका_सुलटा

आणि पिठाने माखलेली भांडी?

रविवारी_बाबा

मीच घासतो. आधी थंड पाणी, गरम घातलं तर पीठ चिकटून बसतं.

ओट्यापाशी

घरोघरी असे बाबा असते तर हा धागाच निघाला नसता. असो. आळशी म्हणणं चूक होतं, त्या लेखाखाली जाऊन मी तसं लिहूनही आले. बाकी लेखाच्या बाजूनेच आहे मी. घरात काहीतरी हाताने होत असावं, मुलांनी ते पाहावं, त्यांचे हात पिठात जावेत, हे मी सोडणार नाही.

तिसरा_गजर

मुलांचे हात पिठात जावेत याला कोण नाही म्हणतंय? मुलग्यांचेही जावेत, एवढं जोडा. आणि कच्चं पीठ चाटू देऊ नका. अंडं नसलं तरी कच्च्या पिठातही जिवाणू असू शकतात.

मधुपर्णी

वजनकाटा, आता राग सोडून एकच विचारते. मध काढून साखर घातली आणि तीही कमी केली, तर केक दगड होतो. मग करायचं काय?

वजनकाटा

राग नव्हताच. साखर गोडव्यापुरती नसते, ती ओलावा धरते, केक मऊ ठेवते, रंग आणते. म्हणून एकदम निम्मी करू नका. पाककृतीत असेल त्याच्या पाव हिस्सा कमी केली तर बहुतेक केकना काही होत नाही. त्याहून कमी हवी असेल तर पिकलेलं केळं किंवा सफरचंदाचा शिजवलेला गर घाला, ओलावा टिकतो आणि तंतूही येतात. मधच हवा असेल तर साखरेपेक्षा कमी घ्या, बाकी पातळ पदार्थ थोडे घटवा, चिमूटभर सोडा घाला कारण मध आम्लधर्मी असतो, आणि ओव्हन १०-१५ अंश कमी ठेवा, नाहीतर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. पीठ कपाने न मोजता वजनावर घ्या. दाबून भरलेल्या आणि हलक्या हाताने भरलेल्या कपात सहज २०-३० ग्रॅमचा फरक पडतो. दगड होण्याचं निम्मं कारण तिथेच असतं.

मधुपर्णी

काटा आणते. पण तुकडा किती मोठा कापायचा ते मी ठरवणार.